घरफोडीचा अलार्म स्वतः बसवताना : वाचकांचे प्रश्न

या अंकातली सगळी पत्रं घराच्या चोरी-अलार्मबद्दलची आहेत. उत्तरांआधी एकच सूचना. पॅनलला, म्हणजे सगळे सेन्सर आणि भोंगे जिथे जोडले जातात त्या मुख्य डब्याला, लागणारा २३० व्होल्टचा पॉइंट आणि त्याचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्यापुढचं सगळं काम १२ व्होल्टवर चालतं. ड्रिल, स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टिमीटर नीट वापरता येणाऱ्या कुणालाही ते जमेल.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं जुनं जांभ्याचं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर लाकडी माळा. आम्ही मुंबईत असतो. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर घर बंद असतं. सात खिडक्या आहेत, सगळ्यांना गज आहेत. किती सेन्सर लागतील? वायरचे घ्यावेत की वायरलेस?
*– एक वाचक, मुंबई*

सात खिडक्यांना सात सेन्सर असा हिशेब करू नका. आधी चोर कुठून येईल ते पाहा. कौलारू घरात त्याला दाराला हातही लावावा लागत नाही. मागच्या पाख्याची चार-सहा कौलं सरकवली, दोन रिपा कापल्या, की माळ्यावर उतरता येतं. गज कापण्यापेक्षा हे सोपं आहे आणि आवाजही कमी होतो. सगळा पैसा दारं-खिडक्यांवर घातला, तर नेमकी हीच वाट मोकळी राहते.

म्हणून माळ्यावरच मोशन सेन्सर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, लावावा असं वाटेल, पण तो तिथे लावू नका. दुपारी कौलं तापतात, फटींतून वारा खेळतो, उंदीर-मांजरं फिरतात, संध्याकाळी वटवाघूळ शिरतं. अशा जागी सेन्सर आठवड्यात दोनदा तरी उगाच वाजणार. त्याऐवजी माळ्यावरून खाली यायची जागा अडवा. जिन्याच्या तोंडाला झडप असेल तर तिला चुंबकी सेन्सर लावा. झडप नसेल तर माजघरातला मोशन सेन्सर असा बसवा, की शिडीवरून उतरणारा माणूस त्याच्या समोरून आडवा गेलाच पाहिजे.

तुमच्या घराचे झोन, म्हणजे पॅनल वेगवेगळे ओळखतं ते भाग, असे ठेवा. पहिला पुढचं दार, चुंबकी सेन्सर आणि ३० सेकंदांची उशीर-वेळ, म्हणजे आत येऊन तुम्हाला कोड दाबता येईल. दुसरा मागचं दार, त्याला उशीर नको, उघडताच वाजू दे. तिसरा माळ्याची झडप. चौथा माजघरातला मोशन सेन्सर. पाचवा कपाट असलेल्या खोलीतला मोशन सेन्सर. कीपॅड ओटीवर लावणार असाल तर तिथे जाईपर्यंतच्या वाटेत कुठलाही विनाउशीर झोन येता कामा नये. नाहीतर घर उघडताना दर वेळी तुमच्यावरच भोंगा वाजेल.

सामानाची यादी : आठ झोनचं, फोर-जी सिम चालणारं वायरचं पॅनल १, कीपॅड १, दार-झडपेचे चुंबकी सेन्सर ३, मोशन सेन्सर २, आतला भोंगा १, बाहेरचा दिव्याचा भोंगा १, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी १, सहा कोअरची अलार्म वायर (एवढ्या घराला साधारण ८० ते १०० मीटर), २० मिलिमीटर पीव्हीसी पाइप आणि पॅनलसोबत येणारे रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारे छोटे भाग). सहा कोअर अशासाठी, की मोशन सेन्सरला दोन तारा वीजपुरवठ्याच्या, दोन झोनच्या आणि दोन टॅम्परच्या लागतात. झाकण कुणी उघडलं तर टॅम्पर कळवतो. वायर उघडी सोडू नका. बंद घरात उंदीर ती पहिल्या पावसाळ्यातच कुरतडतात.

बंद राहणाऱ्या घराला वायरचंच पॅनल घ्या, असं आमचं ठाम मत आहे. जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंती रेडिओ संदेश खातात. आणि वायरलेस सेन्सरचे सेल संपले तर मुंबईत बसून बदलणार कोण? वायर ओढणं हे एकदाच करायचं काम आहे.

भिंतीला हात लावण्याआधी सगळं टेबलावर जुळवा. प्रत्येक सेन्सरला हातभर वायर जोडा, कोड आणि फोन नंबर भरा, झोनची नावं द्या, प्रत्येक सेन्सर वाजवून पाहा. इथे अर्धा दिवस गेला तरी पुढे शिडीवर चढून चुका शोधायचे दोन दिवस वाचतात. जांभ्याला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. दगड सच्छिद्र असतो, हॅमरने कडा ढासळून भोक मोठं होतं आणि गिट्टी फिरत राहते.

दाराचा सेन्सर बिजागरीच्या बाजूला नको. कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात लावा. तारेचा भाग चौकटीवर आणि चुंबक दारावर. डब्यावर १५-२० मिलिमीटर अंतर चालतं असं लिहिलेलं असतं, तरी तुम्ही ५ ते ८ मिलिमीटरच ठेवा. कोकणात लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, मे महिन्यात आकसतं. काठावर बसवलेला सेन्सर ऋतू बदलला की दार बंद असतानाही ‘उघडं’ दाखवू लागतो. बसवल्यावर दार हळूहळू उघडून बघा. तीन-चार सेंटिमीटर उघडताच पॅनलवर झोन ‘उघडा’ दिसला पाहिजे.

पावसाळ्याआधीच्या वळवात विजा पडतात. पॅनलच्या पॉइंटवर सर्ज प्रोटेक्टर बसवा. गोठा किंवा आउटहाउसपर्यंत उघड्यावरून अलार्मची वायर नेऊ नका, कारण जवळ वीज पडली की त्या लांब तारेतूनच धक्का पॅनलमध्ये शिरतो. तिथे सेन्सर हवाच असेल तर तेवढा एक वायरलेस घ्या.

यादीत न मावणारी गोष्ट राहिली. भोंगा वाजल्यावर दहा मिनिटांत तिथे कोण पोचणार? पॅनलमध्ये पहिला नंबर वाडीतल्या शेजाऱ्याचा ठेवा, तुमचा दुसरा. त्यांना विचारून ठेवा, भोंगा कसा बंद करायचा ते दाखवा, आणि एकट्याने आत शिरू नका असं स्पष्ट सांगा. दिवे लावायचे, हाका मारायच्या, ११२ वर फोन करायचा, तेवढं पुरे.

प्रश्न : हॉलमधला मोशन सेन्सर रात्री दोन-तीनच्या सुमारास उगाचच वाजतो. आठवड्यात तीनदा झालं. घरात कुत्रा-मांजर नाही. आता घरचे अलार्म लावूच देत नाहीत. सेन्सर बदलावा का?
*– एक वाचक, कोल्हापूर*

अजून बदलू नका. बहुतेक वेळा दोष सेन्सरच्या जागेत असतो. घरच्यांचं मात्र बरोबर आहे. उगाच वाजणारा अलार्म शेजाऱ्यांनाही ‘त्यांचा वाजतोच’ अशी सवय लावतो, आणि मग खऱ्या रात्री कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. म्हणून हे प्रकरण शेवटपर्यंत न्या.

हा सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही. शरीरातून निघणारी उष्णतेची किरणं तो फक्त पाहतो. पुढच्या दुधी भिंगामुळे त्याची नजर हाताच्या बोटांसारखी पट्ट्यापट्ट्यांत विभागलेली असते. एखादी ऊबदार गोष्ट एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की त्याला हालचाल कळते. म्हणून समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच दिसतो.

आता रात्री दोन वाजता हलतं काय? आपल्याकडे पहिला संशय पालीवर घ्यायचा. सेन्सरमध्ये मंद लाल दिवा असतो, त्याला कीटक जमतात, कीटकांमागे पाल येते. भिंगावरून दोन इंच सरकणारी पाल म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने खोलीभर चाललेला माणूस. सेटिंगमध्ये किंवा आतल्या जंपरने (काढ-घाल करता येणाऱ्या छोट्या जोडपट्टीने) तो दिवा बंद करता येतो, तो करा. दुसरा संशय कोळिष्टकावर. भिंगापुढे लोंबणारा धागा पंख्याच्या वाऱ्याने हलतो. तिसरा संशय भिंतीतल्या भोकावर. वायर आणताना पाडलेलं भोक तसंच उघडं राहिलं, तर पाइपातून येणारी गरम-थंड हवा थेट आतल्या संवेदकावर आदळते आणि मुंग्या-झुरळंही त्याच वाटेने आत जातात. झाकण उघडा, मऊ ब्रशने आतली धूळ काढा, मधल्या काळ्या-चंदेरी संवेदकाला बोट लावू नका, आणि भोक सिलिकॉनने बुजवा. बऱ्याच घरांत दुरुस्ती इथेच संपते.

तरीही वाजत असेल तर जागा तपासा. सेन्सरची उंची २.१ ते २.४ मीटर, खोलीच्या कोपऱ्यात आणि खिडकीकडे पाठ. रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे, सकाळचं तिरपं ऊन, फ्रिजची मागची बाजू, इन्व्हर्टरचा पंखा, एसीचा झोत, हलणारा पडदा, यांतलं काहीही त्याच्या नजरेत नको. देवघरात रात्रभर समई तेवत असेल तर तीही नको, कारण लवलवणारी ज्योत म्हणजे हलणारी उष्णताच. आत ‘पल्स काउंट’ नावाचा जंपर असतो. तो १ वरून २ वर केला की एका झटक्याला सेन्सर वाजत नाही, दुसरी हालचाल व्हावी लागते.

कुठला उपाय लागू पडला ते कळण्यासाठी एका वेळी एकच बदल करा आणि तीन रात्री वाट पाहा. त्या काळात भोंग्याची वायर काढून ठेवा. पॅनलच्या नोंदीत झोन आणि वेळ उमटतेच. शेवटी पॅनल ‘वॉक टेस्ट’ला टाकून खोलीत सावकाश चालून बघा. संवेदनशीलता इतकी कमी झाली नाही ना, की माणूसच दिसेनासा झाला, याची खात्री झाली पाहिजे.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक जोड. मे महिन्यात बंद खोलीचं तापमान ३६-३७ अंशांवर गेलं की शरीर आणि भिंत सेन्सरला जवळजवळ सारखीच दिसतात आणि तो माणूस चुकवू शकतो. तिथे मोशन सेन्सरवर एकट्याने विसंबू नका, दाराचा सेन्सर हवाच.

प्रश्न : फ्लॅटच्या लोखंडी सेफ्टी डोअरला चुंबकी सेन्सर लावला. कधी चालतो, कधी नाही. दोनदा बदलून झाला.
*– एक वाचक, पुणे*

लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं. सेन्सरपर्यंत पुरेसं पोचत नाही. चुंबक आणि सेन्सर दोघांच्याही खाली १० मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, किंवा लोखंडी दारांसाठी धातूच्या आवरणातला मोठा सेन्सर मिळतो तो घ्या. त्याहून बरं म्हणजे चुंबकी सेन्सर आतल्या लाकडी दाराला लावा आणि चौकटीवर एक कंपन-सेन्सर बसवा. कडी-कोयंडा तोडायला सुरुवात झाली की तो आधीच वाजतो. त्याची संवेदनशीलता ठरवताना दार नेहमीसारखं जोरात लावून पाहा. तेवढ्याने वाजता कामा नये.

प्रश्न : पॅनलसोबत आलेले रेझिस्टर मी पॅनलच्या आतच, प्रत्येक झोनच्या टर्मिनलवर लावले. सगळं व्यवस्थित चालतं. मित्र म्हणतो चुकलं. चालतंय तर चूक काय?
*– एक वाचक, नाशिक*

मित्र बरोबर सांगतो. रेझिस्टर वायरच्या शेवटच्या टोकाला, सेन्सरच्या डबीत असायला हवा. झोनच्या दोन तारांतून पॅनल सतत अगदी बारीक प्रवाह सोडतं आणि टोकाचा ठरावीक रोध मोजतं. समजा तुमच्या पॅनलचा रेझिस्टर २.२ किलोओहमचा आहे. दार बंद असताना तेवढेच दिसतात. दार उघडलं किंवा वायर कापली, की मंडल तुटतं. कुणी वाटेत दोन तारा सोलून एकत्र पिळल्या, तर रोध शून्याजवळ येतो आणि पॅनल तेही पकडतं.

रेझिस्टर पॅनलच्या आत मालिकेत लावला की ही शेवटची पकड जाते. पुढे तारा पिळल्या काय आणि दार बंद असलं काय, पॅनलला दोन्ही वेळी २.२ किलोओहमच दिसणार. कामगाराच्या हातून प्लास्टर करताना खिळ्याने दोन तारा चिकटल्या, तर झोन कायमचा ‘बंद’ दिसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

दुरुस्ती सोपी आहे. वीज आणि बॅटरी दोन्ही काढा. रेझिस्टर सेन्सरच्या डबीत हलवा, सांधा पिळून न सोडता सोल्डर करा. मग झोनच्या तारा पॅनलमधून सोडवून मल्टिमीटरने मोजा. दार बंद असताना रेझिस्टरच्या किमतीपेक्षा फार तर काही ओहम जास्त, उघडल्यावर अनंत. बंद दाराला आकडा डळमळत असेल तर कुठेतरी सांधा ढिला आहे. समुद्राजवळच्या घरांत हिरवट गंज चढलेलं टर्मिनल हे त्याचं नेहमीचं कारण. रेझिस्टरची किंमत कंपनीगणिक वेगळी असते, कुठे १ किलोओहम, कुठे ५.६. दुसऱ्या पॅनलचे उरलेले वापरू नका.

प्रश्न : गच्चीवरचा भोंगा पॅनलजवळ जोडला तर कानठळ्या बसवतो, गच्चीवर नेला की मलूल वाजतो. अंतर ३० मीटर. अलार्मचीच वायर वापरली आहे.
*– एक वाचक, सांगली*

वायर बारीक आहे. अलार्म वायरचा एक कोअर साधारण ०.२२ चौरस मिलिमीटरचा असतो. जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याचा रोध पावणेपाच ओहमच्या आसपास होतो. भोंगा १ अँपिअर ओढत असेल तर पावणेपाच व्होल्ट वाटेतच संपतात आणि त्याला जेमतेम सात मिळतात. सेन्सर काही मिलिअँपिअरवर चालतो, म्हणून त्याला हीच वायर पुरते. भोंग्यासाठी १ चौरस मिलिमीटरची दोन कोअर वायर ओढा, मग घट एका व्होल्टवर येते. २३० व्होल्टच्या पाइपातून ती नेऊ नका, स्वतंत्र पाइप घाला.

प्रश्न : आमच्याकडे लाइट सहा-सहा तास जाते. ७ अँपिअर-अवरची बॅटरी पुरेल का? भोंगा वाजला तर लगेच उतरेल ना?
*– एक वाचक, संगमनेर तालुका*

हिशेब मांडून बघा. पॅनल १२० मिलिअँपिअर, कीपॅड ४०, तीन मोशन सेन्सर प्रत्येकी १५, म्हणजे एकूण सुमारे २०५. कागदावर ३४ तास निघतात. बॅटरीचं वय आणि उन्हाळा धरून २० तास मोजा. सहा तासांना ती भरपूर आहे. भोंग्याची भीती मात्र सोडा. १ अँपिअरचा भोंगा पाच मिनिटं वाजला तर ०.०८ अँपिअर-अवर जातात. सात अँपिअर-अवरांपुढे ते काहीच नाही.

बॅटरीला मारते ती उष्णता आणि पूर्ण उतरून तशीच पडून राहणं. पॅनल पत्र्याच्या छताखाली नको. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा आणि तीन वर्षांनी ती बदला. मध्ये दर सहा महिन्यांनी पॅनलचा एमसीबी पाडून चार तास चालू द्या आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.२ व्होल्टच्या खाली आली असेल तर तीन वर्षांची वाट पाहू नका. वीज असताना तिथे १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर दोष चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरीही मरेल.

प्रश्न : जुन्या जीएसएम पॅनलमध्ये जिओचं सिम घातलं तर नेटवर्कच येत नाही. पॅनल बिघडलं का?
*– एक वाचक, जळगाव*

पॅनल चांगलं असावं. जुनी पॅनल फक्त टू-जीवर चालतात आणि जिओचं टू-जी जाळं नाहीच. ज्या कंपनीचं टू-जी तुमच्या गावात अजून चालू आहे तिचं सिम घाला. नवं घेणार असाल तर फोर-जीचंच घ्या. सिम पॅनलमध्ये घालण्याआधी मोबाइलमध्ये टाकून सिमचं पिन-लॉक बंद करा, एक फोन आणि एक एसएमएस करून पाहा. रिचार्जची मुदत संपली की पॅनल भोंगा वाजवेल, पण कुणाला फोन करणार नाही. ती तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा. ११२ हा नंबर मात्र आपोआप लागणाऱ्या यादीत भरू नका. पॅनल बोलू शकत नाही, आणि पालीमुळे पोलिसांची गाडी निघणं योग्य नाही.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारा वाय-फायचा वायरलेस संच घेतला आहे. भाड्याचा फ्लॅट, भिंतीला भोक पाडायला परवानगी नाही. चिकटपट्टीने लावला तर चालेल का? भोंगा किती वेळ वाजू द्यावा?
*– एक वाचक, ठाणे*

भाड्याच्या घराला हाच संच योग्य आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखून वापरा. वाय-फायचे हे संच सहसा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात. जोडणी होत नसेल तर राउटरमधलं ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद करून पाहा. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस द्या, नाहीतर लाइट गेली की फोनवर सूचना येणं थांबतं. भोंगा मात्र पॅनलच्या स्वतःच्या बॅटरीवर वाजतो.

स्वस्त संचांतले ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर एकतर्फी बोलतात. सेल संपला किंवा सेन्सर गळून पडला तरी पॅनलला कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक दार उघडून झोन वाजतो का ते पाहा. त्यांच्या रिमोटचा संकेतही बहुधा कायम एकच असतो आणि तो नोंदवून पुन्हा पाठवता येतो. त्यामुळे अलार्म बंद करायला रिमोटऐवजी कोड किंवा ॲप वापरा. सेल वाचवण्यासाठी वायरलेस मोशन सेन्सर एकदा वाजल्यावर काही मिनिटं झोपतो. चाचणी घेताना तो बिघडलाय असं समजू नका, खोलीतून बाहेर पडा, तीन-चार मिनिटं थांबा आणि मग पुन्हा आत या.

दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही, रंगासकट निघते. ऑइल पेंट किंवा सनमायकावर लावा. आधी स्पिरिटने पुसून कोरडं होऊ द्या, अर्धा मिनिट दाबून धरा आणि दिवसभर तसंच राहू द्या. मग चुंबक बसवा.

भोंगा तीन मिनिटांवर ठेवा, पाचाच्या वर नको. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ आहे, आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. संचातला भोंगा त्याच्या कितीतरी वर जातो. संकटाच्या वेळी तसा तो हवाच, पण रिकाम्या घरात तासभर वाजत राहिला तर मजल्यावरची मंडळी मुख्य स्विचच पाडतील. वॉचमन आणि समोरच्या घरात तुमचा नंबर देऊन ठेवा, आणि पहिली चाचणी रविवारी सकाळी अकराला, आधी कल्पना देऊन घ्या.